पुलाखालचा गोवा: पणजीपासून काळी नदीपर्यंत

गोव्यातले पूल वरून बघून कळत नाहीत. गाडीतून जाताना हाती लागतं ते डांबर, कठडा आणि जोडावरचा गचका. पूल ज्याच्या जिवावर उभा असतो ते सगळं खाली असतं: खांबाच्या माथ्यावरचं बेअरिंग (पुलाला टेकवून थोडं सरकू देणारी गादी), दोन गाळ्यांमधला जोड (गाळा म्हणजे दोन खांबांमधला पुलाचा भाग), आणि खांबाचा तो पट्टा जो दिवसातून दोनदा भिजतो आणि दोनदा वाळतो. म्हणून हा प्रवास भरती-ओहोटी बघून आखायचा.

हिशेब जुनाच आहे. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. षष्ठीला सहाची पाऊणपट साडेचार, म्हणजे साडेचारच्या सुमाराला भरती. हा आडाखा मुंबईच्या बाजूला बरोबर बसतो. गोव्यात भरती त्याहून थोडी आधी येते. भरतीनंतर सव्वासहा तासांनी ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येनंतरचे एक-दोन दिवस सगळ्यात चांगले, कारण उधाणाला पाणी जास्त चढतं तसं जास्त उतरतंही, आणि त्या दिवसांत ओहोटी संध्याकाळी पाचच्या आगेमागे येते. ऊन तेव्हा तिरपं असल्यामुळे पुलाच्या पोटापर्यंत उजेड पोहोचतो. अष्टमीच्या आसपास भांगाचं पाणी असतं, खांब पुरेसे उघडे पडत नाहीत.

ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ धरावा. बरोबर दुर्बीण, टॉर्च आणि चिखलात टिकतील अशा पट्ट्यांच्या चपला. मुक्काम पणजीत आणि नंतर मडगावात केला की सगळं आवाक्यात येतं.

पहिला दिवस: रायबंदरचा बांध आणि मांडवी

रहदारी वाढायच्या आत पणजीच्या पाटो भागातून रायबंदरकडे निघायचं. दलदलीतून जाणारा हा सुमारे तीन किलोमीटरचा रस्ता म्हणजे पोंती द लिन्यारेस. लिन्यारेसचा काउंट मिगेल द नोरोन्हा व्हाइसरॉय असताना, १६३३-३४ मध्ये तो बांधला. जांभ्या दगडाचा बांध आणि पाणी जायला मध्ये मध्ये कमानी, अशी रचना. दलदलीत नुसता बांध घातला तर एका अंगाला पाणी तुंबतं, दाब वाढतो आणि मोठ्या पावसात बांध कुठेतरी फुटतोच. कमानींमुळे भरतीचं पाणी आत येतं आणि ओहोटीला निघून जातं.

ओहोटीला या कमानी उघड्या पडतात तेव्हा दगडांचे सांधे बघा. जांभा सच्छिद्र आणि मऊ दगड, ताण त्याला अजिबात सोसत नाही. पण कमानीत दगडावर फक्त दाब येतो, आणि दाब तो शतकानुशतकं सोसतो. शिवाय आत लोखंड नाही, त्यामुळे गंजायला काही नाही. अशा बांधकामाला धोका असतो तो सांध्यांत रुजणाऱ्या वड-पिंपळाच्या मुळांचा आणि जुन्या चुन्यावर थापलेल्या सिमेंटचा. चुना दमट हवेत श्वास घेतो, सिमेंट ओल आत कोंडून ठेवतं आणि मग दगडाचाच पापुद्रा सुटतो. रस्ता अरुंद आहे आणि चालणाऱ्याला वेगळी जागा नाही, तेव्हा बघायचं ते थोडक्यात आणि सकाळीच.

दुपारनंतर मांडवी. पणजीहून बेतीला जाणारी फेरीबोट घ्या. पायी जाणाऱ्याला पैसे पडत नाहीत. बोटीतून पूर्वेला तिन्ही पूल एकामागे एक दिसतात. बेतीला उतरून मालिमच्या मासेमारी धक्क्याकडे गेलं की पुलांच्या अगदी जवळ पोहोचता येतं.

जो पूल आता नाही, त्याच्यापासून सुरुवात करायला हवी. मांडवीवरचा पहिला मोठा पूल, नेहरू सेतू, १९७० च्या सुमाराला झाला आणि ५ जुलै १९८६ रोजी, भर पावसाळ्यात कोसळला. पुलाचं वय जेमतेम पंधरा-सोळा वर्षं. तो पडल्यावर उत्तर गोव्याला जायला पुन्हा फेरीबोटी आल्या, आणि आज जिला आपण सहलीची गंमत समजतो ती पणजी-बेती फेरी तेव्हा राजधानीची शीर होती.

तो का पडला हे समजल्याशिवाय गोव्यातला दुसरा कुठलाही पूल समजत नाही. त्या पिढीत लांब गाळ्यांचे प्रीस्ट्रेस्ड काँक्रीटचे पूल असे बांधत: प्रत्येक खांबावरून दोन्ही बाजूंना तोल सांभाळत हात वाढवत न्यायचे आणि शेजारच्या खांबाचा हात समोर आला की भर नदीवर दोघांना बिजागरीने जोडायचं. कागदावर ही रचना सुंदर दिसते. पण काँक्रीट कायमच्या भाराखाली वर्षानुवर्षं हळूहळू आखडत आणि वाकत राहतं. त्यामुळे हातांची टोकं खाली येतात आणि बिजागरीपाशी खळगा पडतो. प्रत्येक अवजड गाडी तिथे आपटते, जोड सैल होतो, त्यातून पावसाचं पाणी आणि खारी हवा आत शिरते. आत असतात ताणलेल्या पोलादी तारा, ज्यांच्यामुळे सगळं हवेत उभं असतं.

या तारा नळीतून ओवतात, ताणतात आणि मग नळीत सिमेंटचं पातळ मिश्रण, म्हणजे ग्राउट, दाबाने भरतात. सिमेंट अल्कधर्मी असल्यामुळे त्यात गाडलेल्या पोलादावर एक पातळ संरक्षक थर बनतो. मिठातला क्लोराइड तो थर फोडतो. ग्राउट भरताना नळीच्या उंच भागात हवा कोंडली तर तिथे तार उघडीच राहते, आणि बाहेरून बघणाऱ्याला काही कळत नाही. साध्या सळईला गंज चढला तर तो फुगतो, काँक्रीटचा पापुद्रा उडतो, निदान इशारा तरी मिळतो. ताणलेली तार इशारा देत नाही. ती तुटते. मांडवीच्या पुलाचा घात गंजाने केला.

सेतुबंधनाच्या कथेत खार वाळूत लोळते आणि दगडांच्या फटींत ती वाळू झटकते. आपण ‘खारीचा वाटा’ म्हणतो तेव्हा छोटीशी, कौतुकापुरती मदत असा अर्थ घेतो. पुलाच्या कामात खारीचं काम हेच मुख्य काम आहे. मोठे दगड वाहणारे पुष्कळ असतात. फट राहिली की नाही हे बघणारा कमी पडला की पूल पडतो. सभांमधून ‘दोन समाजांत सेतू बांधू’ असं ऐकू येतं तेव्हाही मनात हेच येतं: बोलणाऱ्याच्या डोळ्यांपुढे गाळ्याची लांबी असते, जोड कोण तपासणार आणि किती वर्षं तपासणार याचा उल्लेख नसतो.

आता उभ्या असलेल्या पुलांकडे. कोसळलेल्या पुलाच्या जागी नव्वदीच्या दशकात दोन पूल झाले. एक जाण्याचा, एक येण्याचा. त्यांच्या मधून, त्यांच्याहून उंच जातो तो केबलवर तोललेला अटल सेतू. २७ जानेवारी २०१९ रोजी त्याचं उद्घाटन झालं. उतारांसकट लांबी ५.१ किलोमीटर. त्यावर दुचाकी, तीनचाकी आणि पायी जाणाऱ्यांना मनाई आहे, तेव्हा तो खालूनच बघायचा, आणि खालून तो जास्त चांगला दिसतो. केबल रस्त्याच्या मध्यातून एकाच ओळीत वर जातात. अशा रचनेत एका बाजूला जास्त वजन आलं तर पुलाला पीळ पडतो, आणि तो पीळ केबल सोसू शकत नाहीत; म्हणून खालचा भाग बंद पेटीच्या आकाराचा, जाड आणि भक्कम करावा लागतो. दुर्बिणीतून त्या पेटीचं पोट बघितलं की हे लगेच पटतं.

दुसरा दिवस: जिथे पूल नाही

रायबंदरहून चोडणला फेरी. २०२५ पासून या मार्गावर मोठ्या रो-रो बोटीही आल्या आहेत, पण जुन्या फेरीबोटीवर चढण्या-उतरण्याची रीत माहीत असलेली बरी. ओहोटीला धक्क्याचा उतार तीव्र होतो आणि खालचा भाग शेवाळाने निसरडा असतो. चारचाकी पहिल्या गिअरमध्ये, सरळ रेषेत, मध्ये न थांबता न्यावी. बुटक्या गाडीचं पोट उताराच्या आणि फळीच्या सांध्यावर घासतं. अशा वेळी भरतीची फेरी धरणं शहाणपणाचं. बोटीवर गेल्यावर हँडब्रेक ओढून गिअरमध्येच ठेवायची. दुचाकीस्वारांनी आधी पुढचे उतरू द्यावेत. सकाळी आठ ते दहा ही कामावर जाणाऱ्यांची वेळ आहे, तेव्हा पर्यटकाने रांग वाढवू नये.

चोडणच्या पश्चिम टोकाला सलीम अली पक्षी अभयारण्य आहे, १.७८ चौरस किलोमीटरचं, सगळं खारफुटीचं. पूल बांधणाऱ्याच्या नजरेतून खारफुटी म्हणजे काठ धरून ठेवणारी, फुकटात मिळालेली भिंत. खारफुटी तोडून भराव घातला की त्या काठावरचा पुलाचा टेकू आधी खचतो.

चोडणच्या लोकांना पूल हवा की नको यावर दोन्ही बाजूंनी बोललं जातं. फेरी रात्री थांबते, आजारी माणसाला घेऊन धक्क्यावर ताटकळावं लागतं. हे गाऱ्हाणं खरं आहे. पूल आला की जमिनीचे भाव आणि बांधकामं येतात; ही भीतीही खरी आहे. शेजारच्या दिवाडीलाही अजून फेरीनेच जावं लागतं. पूल नेमका कोणासाठी सोय करतो, आतल्या माणसासाठी की बाहेरच्या, हे त्या त्या गावाने ठरवायचं.

आपल्या संतांनी भवनदी ओलांडायला पूल बांधला नाही. त्यांच्याकडे नाव आहे, तारू आहे, सांगड आहे. ते साहजिक आहे; महाराष्ट्र-गोव्यातल्या मोठ्या नद्यांवर त्या काळी माणसं नावेतूनच जात. भोपळे किंवा होड्या एकमेकांना बांधून केलेली सांगड पाण्याबरोबर वरखाली होते, भरतीला चढते, ओहोटीला उतरते. दोन गोष्टींची सांगड घालताना दोन्हींना थोडं हलू द्यावं लागतं, आणि हे पुलालाही लागू आहे. शंभर मीटर लांबीचं काँक्रीट २० अंश तापमानाच्या फरकाने सुमारे २४ मिलीमीटर लांबी बदलतं. त्यासाठीच एक्सपान्शन जोड ठेवतात. त्या फटीत वाळू, खडी आणि प्लास्टिक गच्च बसलं की काँक्रीटला सरकायला जागा उरत नाही आणि ते टेकूच्या भिंतीला ढकलतं. पूल साफ करणाऱ्याचा झाडू हे पूल टिकवण्याचं पहिलं हत्यार आहे.

चोडणहून पोंबुर्फ्याच्या फेरीने बार्देशात उतरायचं आणि हळदोण्याला यायचं. हळदोणे-खोर्जुवे पूल गोव्यातला पहिला केबल-स्टेड, म्हणजे केबलवर तोललेला पूल. मांडवी-झुआरीच्या मानाने लहान, त्यामुळे केबल खालून कुठे अडकवली आहे, वर पायलॉनमध्ये, म्हणजे उंच मनोऱ्यात, कुठे शिरते, हे सगळं एका नजरेत मावतं. नव्या माणसाने केबलचा पूल शिकायचा तर इथे शिकावा. तीन गोष्टी बघायच्या. केबलच्या तळाशी असलेली टोपी: तिच्यात पाणी साचतं का. केबलवरचं काळं किंवा रंगीत प्लास्टिकचं आवरण: त्याला चीर आहे का. आणि केबलच्या बुडाशी कंपन शोषणारा डॅम्पर. पाऊस आणि मध्यम वारा एकत्र आले की केबलवरून पाण्याची धार वाहते, केबलचा आकार वाऱ्याच्या लेखी बदलतो आणि ती थरथरू लागते. आवरणावर सर्पिल कंगोरा काढतात तो ही धार मोडायला.

पलीकडे खोर्जुव्याचा छोटा किल्ला आहे. त्याच्या तटावरून पूल बाजूने दिसतो.

तिसरा दिवस: कोलवाळ, शिवोली, तेरेखोल

हा दिवस हलका. शापोरा नदी दोन ठिकाणी ओलांडायची: जाताना राष्ट्रीय महामार्गावरच्या कोलवाळच्या पुलाने, येताना शिवोली-चोपडेच्या पुलाने. शिवोलीच्या पुलावर संध्याकाळी माणसं गाड्या उभ्या करून सूर्यास्त बघतात. तसं करू नये. पुलावर थांबायला जागा नाही, चोपड्याच्या बाजूला उतरल्यावर नदीकाठी ऐसपैस जागा आहे.

केरीहून तेरेखोलला फेरी. पाणी फार उतरलं की ही फेरी थांबते, म्हणून धक्क्यावर पोचताच “भाऊ, आज पाणी किती उतरतंय? परतीची शेवटची कितीला?” एवढं विचारून ठेवावं. नदीच्या उत्तर काठावरचा हा किल्ला आणि गाव गोव्यातच आहे, पण जमिनीने जोडलेलं आहे सिंधुदुर्गाला. १५ ऑगस्ट १९५४ रोजी सत्याग्रहींनी या किल्ल्यावर तिरंगा लावला होता. फेरी बंद मिळालीच तर किरणपाणीच्या पुलावरून आरोंद्याकडे जाऊन वळसा घ्यायचा. पूल नसला की नदीच्या रुंदीएवढं अंतर किती किलोमीटरचं होतं, ते या वळशात मोजून मिळतं.

चौथा दिवस: बाणस्तारी, कुळागरं, बोरी, रायतूर

जुन्या गोव्याहून फोंड्याच्या वाटेवर बाणस्तारीचा पूल कुंभारजुव्याच्या कालव्यावर आहे. हा कालवा मांडवी आणि झुआरीला जोडतो, म्हणून दोन्ही टोकांनी भरती आत येते आणि मध्ये कुठेतरी भेटते. जिथे भेटते तिथे पाणी मंदावतं आणि गाळ बसतो. कालव्यात मगरी आहेत. खांब बघायला म्हणून पाण्यात उतरायचं नाही.

फोंड्याच्या आसपास कुळागरांत, म्हणजे पोफळी-माडांच्या बागांत, शिरलं की पुलाचा सगळ्यात जुना प्रकार भेटतो: साकव. वहाळावर माडाचे किंवा पोफळीचे दोन-तीन ओंडके, त्यांवर आडव्या फळ्या किंवा चिवारीच्या कांब्या, एका बाजूला धरायला बांबू. माडाच्या खोडाचं बाहेरचं कवच कठीण आणि गाभा मऊ, त्यामुळे गाभा ओला राहिला की आतून कुजतो आणि वरून खोड धडधाकट दिसतं. म्हणून जाणते लोक खोडाची टोकं मातीत पुरत नाहीत. जांभ्याच्या चिऱ्यावर टेकवतात, म्हणजे पाणी निथळतं आणि वाळवीही दिसते. साकवावर चढण्याआधी टोकापाशी काठीने ठोकून बघावं. बद्द आवाज आला तर दुसरी वाट शोधावी. दरवर्षी पावसाळ्यात साकव वाहून जाणार हे गृहीत धरलेलं असतं आणि तो पुन्हा बांधायचा हेही. काँक्रीटचा पूल उभा राहिला की ही दुसरी जाणीवच नाहीशी होते.

मग बोरी. झुआरीवरचा हा पूल फोंडा आणि सासष्टी जोडतो. १८ डिसेंबर १९६१ च्या पहाटे भारतीय सैन्य आत आलं तेव्हा पोर्तुगीजांनी डिचोली, अस्नोडे, शापोरा इथले पूल उडवले. तेव्हाचा बोरीचा पूलही उडवला गेला, आणि सैन्याने पुलाविना नदी ओलांडून मडगाव गाठलं. माघार घेणारा पूल उडवतो ते मागून येणाऱ्याला अडवायला. आपल्याकडे ‘परतीचे दोर कापणं’ म्हणतात ते सिंहगडाच्या लढाईवरून, आणि तिथे दोर कापला तो आपल्याच माणसांनी मागे फिरू नये म्हणून. दोन्ही कृती दिसायला सारख्या, हेतूने उलट. हल्ली वाटाघाटी मोडल्या की कोणीही कशालाही परतीचे दोर म्हणतो, तेव्हा हा फरक पुसला जातो.

बोरीच्या दोन्ही काठांना खाजन शेती आहे. खाजन म्हणजे खाडीच्या पातळीपेक्षा खालची जमीन, बांध घालून राखलेली. बांधात ‘मानस’ असतं, लाकडी झडपांचं दार. भरतीला बाहेरच्या पाण्याच्या दाबाने झडप आपोआप मिटते, ओहोटीला आतल्या पाण्याने उघडते. त्या झडपेची बिजागरी गंजली किंवा मध्ये लाकडाचा तुकडा अडकला की खारं पाणी आत येतं आणि शेत काही हंगामांसाठी हातचं जातं. नव्या बोरी पुलाच्या आखणीला इथल्या शेतकऱ्यांनी विरोध केला तो याच जमिनीसाठी. नव्वदीच्या सुरुवातीला कोकण रेल्वेच्या गोव्यातल्या मार्गावरही खाजनांवरून मोठा वाद झाला होता. हा विरोध भावनेपुरता समजणं चूक आहे. खाजनाखाली समुद्री चिकणमाती असते. तिच्यावर पुलाच्या तोंडाशी उंच भराव घातला की ती वर्षानुवर्षं दबत राहते. पूल खोल पायलांवर, म्हणजे जमिनीत खोल उतरवलेल्या खांबांवर, उभा असल्यामुळे जागचा हलत नाही, भराव खचतो, आणि दोघांच्या मध्ये पायरी पडते. पुलावर चढताना बसणारा गचका बहुतेक वेळा हाच. भरावाऐवजी खांबांवरून रस्ता नेला तर खर्च वाढतो, पण पाण्याची वाट आणि शेतं दोन्ही वाचतात. खाजनात हा खर्च करायलाच हवा.

बा. भ. बोरकर या बोरी गावचे. जन्म १९१० चा, कुडचड्यातला. मराठी आणि कोकणी दोन्हींत त्यांनी सारख्या अधिकाराने कविता लिहिली. भाषेच्या वादात दोन्ही बाजूंना त्यांचं नाव घ्यावं लागतं.

पूल ओलांडून रायच्या बाजूला वळलं की रायतूर. इथल्या सेमिनरीत १६१६ मध्ये फादर थॉमस स्टीफन्सचं ‘क्रिस्तपुराण’ छापलं गेलं. इंग्लंडात जन्मलेल्या जेझुइटाने लिहिलेल्या मराठी ओव्या, रोमन लिपीत. आशय त्याच्या काठाचा, पण ओवी इथली, शब्दकळा इथली. ते काव्य टिकलं याचं कारण त्याने पलीकडचा टेकू इथल्या जमिनीत खोल नेला होता. पुढे १६८४ मध्ये काउंट आल्व्होर या व्हाइसरॉयने स्थानिक भाषा सोडून पोर्तुगीजच बोलण्याचा हुकूम काढला. एका काठावरचा टेकूच काढून घेतल्यावर दुवा म्हणायला काय उरतं?

मुक्काम मडगावात.

पाचवा दिवस: झुआरी आणि सावर्डे

ओहोटीची वेळ आजच्यासाठी राखून ठेवावी. कुठ्ठाळी आणि आगशी यांच्यामध्ये झुआरीवर जुना आणि नवा पूल शेजारी शेजारी आहेत, आणि चाळीस वर्षांत विचार कसा बदलला ते एका जागी उभं राहून बघता येतं. कुठ्ठाळीच्या जुन्या फेरी धक्क्याकडून चांगलं दिसतं.

जुना पूल १९८३ चा, ८०७ मीटर लांब, मांडवीच्या पडलेल्या पुलाच्याच घराण्यातला. काठावरून रेलिंगच्या रेषेवर डोळा लावून बघा: ती सरळ धावत नाही, गाळ्यांच्या मध्यावर झुकते. मांडवीच्या धड्यानंतर या पुलाकडे लक्ष ठेवलं गेलं, दुरुस्त्या झाल्या, आणि अवजड वाहनांना वर्षानुवर्षं मनाई राहिली. ट्रक बोरीकडून वळसा घालत. ही मनाई लोकांना जाचली, पण पूल तिच्यामुळे उभा राहिला.

नवा पूल आठ पदरी, म्हणजे प्रत्यक्षात चार-चार पदरांचे दोन स्वतंत्र पूल. पहिला २९ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला, दुसरा २२ डिसेंबर २०२३ रोजी. नाव मनोहर सेतू. केबलवरचा भाग ६४० मीटरचा: मध्ये ३६० मीटरचा गाळा आणि दोन्ही बाजूंना १४०-१४०. मधला गाळा एवढा मोठा ठेवल्यामुळे खोल पाण्यातले खांब टळले आणि जहाजांची वाट मोकळी राहिली. दोन वेगळे पूल करण्यातही शहाणपण आहे. एकाची दुरुस्ती निघाली तर दुसरा चालू ठेवता येतो. १९८६ मध्ये मांडवीवर नेमकी ही सोय नव्हती.

केबलची मुख्य सोय अशी की ती सुट्या दोऱ्यांची असते. प्रत्येक दोरी सात तारांची, प्रत्येकीला स्वतःचं आवरण. एखादी खराब झाली तर पूल उभा ठेवून ती बदलता येते. जुन्या पुलात तार काँक्रीटच्या पोटात गाडलेली. बघताही येत नाही आणि बदलताही येत नाही. जे झिजणार आहे ते हाताला लागेल अशा जागी ठेवावं, एवढंच गेल्या चाळीस वर्षांत पूल बांधणाऱ्यांनी शिकलेलं सगळ्यात मोलाचं शहाणपण आहे. मात्र बदलता येतं म्हणजे बदललं जाईलच असं नाही. त्यासाठी दर वर्षी कोणीतरी वर चढून बघावं लागतं आणि वहीत लिहावं लागतं.

ओहोटीला खांबांवर काळपट-हिरवा पट्टा दिसतो. पूर्ण बुडालेल्या भागात प्राणवायू कमी, म्हणून गंज मंद. कायम कोरड्या भागात पाणी नाही, म्हणून तिथेही मंद. मधल्या पट्ट्यात पाणी, मीठ आणि हवा तिन्ही आळीपाळीने मिळतात. याच भागासाठी आजचे नियम सळईवर ७५ मिलीमीटरपर्यंत काँक्रीटचं आवरण मागतात. तपकिरी ओघळ दिसला तर समजायचं की आतली सळई गंजते आहे. पांढरा ओघळ असेल तर पाणी काँक्रीटमधून झिरपून चुना बाहेर आणतं आहे. पांढऱ्यावर वेळेत उपाय केला तर तपकिरी टळतो.

दुपारी सावर्डे. इथे बघायला पूल नाही, समजून घ्यायला आहे. पोर्तुगीज काळातला, वापरासाठी बंद केलेला पादचारी पूल १८ मे २०१७ रोजी कोसळला. नदीत उडी घेतलेल्या एका माणसाचा शोध चालू होता, तो बघायला गर्दी पुलावर चढली होती. पन्नासएक माणसं पाण्यात पडली, दोघांचा जीव गेला. गर्दीचं वजन लोक कमी लेखतात. खेटून उभ्या माणसांसाठी पुलाचं गणित दर चौरस मीटरला ५०० किलोने करतात. पादचारी पुलावर हे ओझं गाडीपेक्षा भारी पडू शकतं. त्यात सगळे एकाच बाजूच्या कठड्याशी येतात, त्यामुळे वजन एका अंगाला जातं आणि कठड्यावर आडवा रेटा बसतो. बंद पुलाला पाटी लावून भागत नाही. दोन्ही टोकांना चढताच येणार नाही अशी भिंत हवी, नाहीतर पूल उतरवून टाकायला हवा.

इथून कुळे जवळ आहे आणि दूधसागरचा दगडी रेल्वेपूल मनात येतोच. मुरगाव ते कॅसलरॉक हा रेल्वेमार्ग १८८० च्या दशकातला, घाटातला चढ ३७ ला १ इतका कडक. तो पूल धावत्या गाडीच्या खिडकीतून बघावा. रुळांवरून चालत जायला रेल्वेची मनाई आहे आणि ती पाळायला हवी. बोगद्यात गाडी आली तर अंग चोरायला जागा मिळत नाही.

सहावा दिवस: काणकोण आणि काळी

मडगावहून करमलघाटाने काणकोण. चार रस्त्यापासून माशेपर्यंतचा बगलरस्ता २०१९ मध्ये खुला झाला; ७.७ किलोमीटर, त्यात तळपण, गालजीबाग आणि माशे इथले पूल. गालजीबागच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात. नदीच्या मुखाजवळ पूल बांधताना खांब जितके कमी तितकी वाळूची ये-जा मोकळी राहते, नाहीतर एका काठाला वाळू साचते आणि दुसरा काठ खाल्ला जातो. पुलाच्या दोन्ही अंगांना वाळूची रेषा सारखी आहे का, एवढं बघून पुढे निघायचं.

पोळ्याचा नाका ओलांडला की कर्नाटक, आणि थोड्या वेळात काळी नदी. इथे सदाशिवगड आणि कारवार जोडणारा जुना पूल १९८३ चा होता, झुआरीच्या जुन्या पुलाच्याच वर्षाचा. ७ ऑगस्ट २०२४ च्या मध्यरात्रीनंतर एकच्या सुमाराला तो कोसळला. वरून जाणारा एक ट्रक नदीत गेला. चालकाला वाचवण्यात आलं. शेजारी नवा पूल आधीच झालेला होता म्हणून महामार्ग तुटला नाही. पण जुन्यावरून वाहतूक चालूच होती. नवा पूल झाला म्हणून जुन्याची तपासणी सैल पडते, आणि खरं तर तेव्हाच ती आवळायला हवी, कारण जुन्याचं वय वाढतच असतं. झुआरीवरही आता नव्याच्या शेजारी जुना उभा आहे.

सदाशिवगडच्या टेकडीवरून नदीचं मुख आणि पुलाची जागा पूर्ण दिसते. चढण सोपी आहे, दुपारचं ऊन टाळावं. नव्या पुलावर गाडी उभी करू नये. गोव्याला परतायला कारवार स्टेशनवरून मडगावची गाडी मिळते, पण स्टेशन शहराबाहेर आहे, रिक्षासाठी अर्धा तास हाताशी ठेवावा. रेल्वेने गेलं तर काळी नदी रेल्वेपुलावरून ओलांडायला मिळते, आणि समुद्राच्या बाजूच्या खिडकीतून महामार्गाचा पूल दिसतो.